अँटवर्पला गेलेले सहाजण

दर चार वर्षांनी ऑलिंपिक सामने आले, की आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. सकाळी वर्तमानपत्र उघडायचे, पदकांचा तक्ता शोधायचा, वरून खाली बोट फिरवीत भारताचे नाव गाठायचे आणि समोरचे आकडे पाहून एक सुस्कारा टाकून पान उलटायचे. जुन्या ऑलिंपिकांचे तक्ते पाहणारालाही हाच अनुभव येतो. १९२० साली बेल्जममधील अँटवर्प शहरी झालेल्या सामन्यांच्या तक्त्यात तर भारताचे नाव सापडतच नाही. सुवर्णपदके पूज्य, रौप्यपदके पूज्य, कांस्यपदके पूज्य.

पण वाचकहो, पूज्यालाही इतिहास असतो. भारताच्या नावाने निवडलेले, भारतातून निघालेले आणि भारताचे म्हणून मैदानात उतरलेले पहिले पथक ते हेच. त्याआधी १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड या कलकत्त्यात जन्मलेल्या गृहस्थाने दोन रौप्यपदके मिळविली होती आणि ती आज भारताच्या खात्यावर मांडली जातात, हे खरे. पण प्रिचर्ड एकटा होता. त्याला कोणत्या भारतीय समितीने निवडले नव्हते आणि त्याच्यामागे कोणी वर्गणी गोळा केली नव्हती. अँटवर्पच्या सहाजणांची गोष्ट वेगळी. ती सुरू होते आपल्या पुण्यात.

जिमखान्याच्या मैदानावर

डेक्कन जिमखाना पुण्यात १९०६ साली स्थापन झाला. बाळकृष्ण नारायण तथा बंडोपंत भाजेकर हे त्याचे कर्ते पुरुष, आणि अध्यक्ष सर दोराबजी टाटा. जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव. पोलादाचा कारखाना आणि लोणावळ्याच्या धरणांवरची वीज यांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पण तरुणपणी केंब्रिजला शिकत असताना त्यांना मैदानी खेळांचा जो नाद लागला, तो जन्मभर सुटला नाही. मुंबईच्या शाळांतून खेळांचे सामने सुरू व्हावेत म्हणून त्यांनी खटपट केली होती, आणि पुण्याच्या मंडळींनी त्यांना अध्यक्षस्थानी बोलावले तेही याच कारणाने.

१९१९ सालच्या जिमखान्याच्या शर्यतींत दोराबजींनी जे पाहिले, त्याची हकीकत त्यांनी पुढे दहा वर्षांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्राने कळविली. धावायला आलेले बहुतेक गडी खेड्यांतले, शेतकरी वर्गातले. पायांत काही नाही. मैदान खडबडीत. शर्यत कशी सुरू करावी, पट्टा कसा राखावा, लांब पल्ल्यात दम कसा वाटून घ्यावा, हे त्यांना कोणी शिकविलेले नव्हते. तरीही त्यांच्यांतल्या काहींची लागलेली वेळ पाहिली, तेव्हा युरोपातल्या शिकलेल्या धावपटूंच्या वेळेशी ती ताडून पाहावी असे दोराबजींना वाटले. ज्याने विलायतेतल्या शर्यती जवळून पाहिल्या होत्या, त्याच्या डोळ्यांना हे दिसले. दुसऱ्या कोणी त्याकडे पोरांची पळापळ म्हणून पाहिले असते.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापुढे दोराबजींनी विषय काढला, की पुढल्या वर्षीच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचे पथक का जाऊ नये? गव्हर्नरसाहेबांनी मनावर घेतले. ब्रिटिश ऑलिंपिक मंडळामार्फत चक्रे फिरली आणि १९२० साली हिंदुस्थानला स्वतःच्या नावाने भाग घेण्याची परवानगी मिळाली. देश पारतंत्र्यात; पण ऑलिंपिकच्या पटावर त्याचे नाव स्वतंत्रपणे घातले गेले. त्याच वर्षी दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले. त्या समितीवर बसणारे ते पहिले भारतीय.

एक मिनिट की दोन?

परवानगी मिळाली, पुढे काय? पथक निवडायचे कसे, हे जाणणारा माणूस विरळा होता. त्या वेळच्या एका बैठकीची हकीकत नेहमी सांगितली जाते. ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर धावायला किती वेळ लागला तर तो गडी लायक समजावा, असा प्रश्न निघाला. एका मान्यवर सभासदांनी बेधडक उत्तर दिले, की लागत असेल एखादे मिनिट, फार तर दोन. येथे मिनिटांचा नव्हे, तर सेकंदांचा आणि सेकंदाच्या अंशांचा प्रश्न आहे, असे त्यांना सांगितले तेव्हा ते गृहस्थ थक्क झाले!

हसू येते खरे. पण हसून झाल्यावर विचारही येतो. सभासद महाशयांच्या हेतूत खोट नव्हती. ते पदरमोड करून, वेळ मोडून त्या बैठकीला आले होते. उणीव होती ती माहितीची. आपल्या देशात धावणारे पाय होते, पण त्या पायांची वेळ घड्याळात मोजून वहीत लिहून ठेवण्याची रीत नव्हती. जे मोजले जात नाही ते सुधारताही येत नाही, हा साधा व्यवहार आपण शेतात आणि दुकानात पाळतो. मैदानावर मात्र विसरलो होतो.

पथकात सहाजण निवडले गेले. चार धावपटू आणि दोन मल्ल. बेळगावचा फडेप्पा दारेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कायकाडी हे लांब पल्ल्याचे. बंगालचा पूर्मा बॅनर्जी हा तोकड्या पल्ल्याचा. मल्लांत कोल्हापूरचा रणधीर शिंदे आणि त्याचा जोडीदार कुमार नवले. बरोबर व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत आणि डॉ. फैजी. खर्चाचा काही भाग सरकारने उचलला, दोराबजींनी स्वतःच्या खिशातून रक्कम घातली आणि उरलेले पैसे खेळांची आवड असणाऱ्या लोकांकडून जमले. नाव सगळ्या हिंदुस्थानचे असले, तरी पथक मुख्यतः मुंबई इलाख्याचे होते, हे नावांवरूनच कळते. कारण उघड आहे. शोध घेतला गेला तो पुण्यात. जेथे शोधले तेथे सापडले. पंजाबात, मद्रासेत, संयुक्त प्रांतात धावणारे नव्हते असे कोण म्हणेल? पण तेथे कोणी घड्याळ घेऊन उभे राहिले नाही.

आगबोटीने मंडळी विलायतेला पोचली. लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर काही आठवडे त्यांचा सराव झाला. धावण्याचे शिक्षण म्हणतात ते त्यांच्या वाट्याला आले ते असे, खऱ्या सामन्यांच्या तोंडावर आणि परक्या हवेत. ते तिकडे असतानाच इकडे १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. शरीर कमावण्यासाठी कॉलेजातले एक वर्ष खर्ची घालणारा तो पुरुष. त्याच दिवशी असहकाराच्या चळवळीला तोंड लागले. मायदेशात सरकारशी असहकार सुरू होत असता हे सहाजण त्याच सरकारच्या निशाणाखाली संचलन करण्यासाठी निघाले होते. काळाची ही ओढाताण त्या पथकाच्या नशिबी होती.

युद्धाच्या राखेवरचा मेळा

अँटवर्पला सामने का भरले, हेही ध्यानात घ्यावयास हवे. पहिल्या महायुद्धात बेल्जमची अक्षरशः धूळधाण झाली होती. १९१६ साली बर्लिनला व्हायचे ऑलिंपिक युद्धामुळे झालेच नाही. युद्ध संपल्यावर, सोसलेल्या हालांबद्दल आदर म्हणून १९१९ च्या एप्रिलमध्ये हा मान बेल्जमला देण्यात आला. तयारीला मिळाले जेमतेम सोळा महिने. देश दरिद्री झालेला, त्यामुळे सगळा मामला ओढूनताणून जमविलेला. अनेक देशांच्या खेळाडूंना शाळांच्या खोल्यांतून खाटा टाकून उतरविले होते. पोहण्याच्या शर्यती गारठून टाकणाऱ्या पाण्यात झाल्या. धावण्याची पट्टी पावसाने जड होऊन गेली होती. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान या हरलेल्या राष्ट्रांना बोलावणेच गेले नाही.

तरी १४ ऑगस्टला उद्घाटन झाले ते थाटाने. २९ देश जमले होते. पाच कड्यांचे ऑलिंपिक निशाण खेळांच्या मैदानावर प्रथमच फडकले आणि व्हिक्टर बोआं या बेल्जन खेळाडूने सर्वांच्या वतीने पहिली ऑलिंपिक शपथ घेतली. आज जे विधी आपण हटकून पाहतो, त्यांतले हे दोन त्या दिवशी सुरू झाले. त्या संचलनात भारताच्या पथकापुढे निशाण धरून पूर्मा बॅनर्जी चालत होता.

मैदानावर मात्र बॅनर्जीची डाळ शिजली नाही. शंभर मीटरच्या पहिल्या फेरीत तो पाचवा आला आणि चारशे मीटरच्या फेरीत चौथा. दोन्हीकडे पुढची दारे बंद झाली. शंभर मीटरचे सुवर्णपदक अमेरिकेच्या चार्ली पॅडॉकने १०.८ सेकंदांत नेले. आपल्या सभासदांच्या त्या ‘एक-दोन मिनिटां’चे उत्तर हे असे मिळाले! दहा हजार मीटरमध्ये फिनलंडच्या पावो नुर्मी नावाच्या तरुणाने आपले पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. त्या शर्यतीत आपल्या कोणाच्याही पदरी काही पडले नाही. कायकाडीच्या नावापुढे कोणताच क्रमांक लागला नाही.

४२ किलोमीटर आणि वर ७५० मीटर

२२ ऑगस्टला मॅरेथॉनची शर्यत झाली. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर, असे आज शाळेतले पोरही सांगेल. पण हा आकडा कायमचा ठरला तो १९२१ साली. त्याआधी जेथे सामने होत, तेथला रस्ता असेल तसे अंतर धरीत. अँटवर्पची मॅरेथॉन होती ४२ किलोमीटर ७५० मीटरांची, म्हणजे आजच्यापेक्षा ५५५ मीटर जास्त. हवा पावसाळी आणि गारठ्याची. दख्खनच्या उन्हात पळायला शिकलेल्या पायांना ती मानवणारी नव्हे.

४८ गडी सुटले. सदाशिव दातारला मधेच शर्यत सोडावी लागली. वाटेत गळालेले असे एकूण १३ जण होते, तेव्हा त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उरलेल्या ३५ जणांत पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन. वेळ २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद. १९१२ साली स्टॉकहोमला तीन सुवर्णपदके मिळविलेला हा मोहरा. त्याच्यामागून अवघ्या १३ सेकंदांनी एस्टोनियाचा यूरी लोसमान आला. तिसरा इटलीचा वालेरिओ आर्री. हा पठ्ठ्या एवढे अंतर तोडून आल्यावर आनंदाच्या भरात मैदानातच कोलांट्या मारू लागला.

आणि एकोणिसावा आला बेळगावचा फडेप्पा चौगुले. वय विशीच्या आतले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद.

एकोणिसावा म्हणजे काय, ते जरा हिशेबाने पाहू. पहिल्याच्या आणि त्याच्या वेळेत सुमारे १८ मिनिटांचे अंतर पडले. हे अंतर थोडे नव्हे. पण त्याची सरासरी काढली, तर दर किलोमीटरला चार मिनिटांहूनही किंचित कमी वेळ पडतो. असे एकामागून एक पावणेत्रेचाळीस किलोमीटर! ज्याला शंका असेल त्याने भल्या पहाटे एखाद्या मोकळ्या रस्त्यावर असा एकच किलोमीटर पळून पाहावा. आपल्या शहरांतून आज मॅरेथॉनच्या शर्यती थाटामाटाने होतात, हजारो लोक उत्तम बूट घालून त्यांत पळतात. त्यांच्यातही पाऊण-एक तास आधीच दम टाकणारे किती आणि चौगुल्याच्या वेळेत पोचणारे किती, हे पाहण्यासारखे आहे. आणि तो पळाला तो आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर अधिक, गारठ्यात, जन्मात पहिल्यांदा परदेशी जाऊन.

त्यानंतर भारताचा कोणी धावपटू ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये त्याच्या वर जायला ५६ वर्षे लागली. १९७६ साली माँट्रियलला शिवनाथ सिंग अकरावा आला, तेव्हा. पुढे २०१६ साली रिओला टी. गोपी पंचविसावा आला. मधल्या काळात वेळा कितीतरी सुधारल्या, स्पर्धा पुष्कळ वाढली, हे मान्य. तरी त्या एकोणिसाव्या क्रमांकाचे वजन त्यामुळे कमी होत नाही.

विजयमंचाला एक पायरी कमी

धावपटूंनंतर पाळी मल्लांची. १९२० साली कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी जागोजाग तालमी उभ्या केलेल्या. रोममधली प्राचीन मैदाने डोळ्यांपुढे ठेवून बांधलेले खासबाग मैदान १९१२ सालापासून गर्जत होते. अशा वातावरणातून रणधीर शिंदे अँटवर्पला गेला.

पण तेथली कुस्ती आपली नव्हती. आपल्याकडे लाल माती. ताक, तेल, हळद घालून मळलेली, घाम पिणारी. तेथे गादी. आपल्याकडे कुस्ती निकाली; प्रतिस्पर्ध्याला आस्मान दाखविल्याशिवाय निकाल नाही, मग तासभर लागो की दोन. तेथे वेळ ठरलेली. तेवढ्यात कोणी चीत झाले नाही, तर पंच सांगतील तो जिंकला. मातीत पाय रुतवून डाव लावण्याची सवय असलेल्या पैलवानाला गादीवर पाय घसरल्यासारखे वाटते, हे त्या वाटेने गेलेले सगळेच सांगतात. मातीतला मल्ल आधी दम काढतो, प्रतिस्पर्ध्याला जोखतो, मग झडप घालतो. गादीवर जोखत बसणाऱ्याची वेळ निघून जाते.

मिडलवेट गटात कुमार नवलेची गाठ पहिल्याच फेरीत अमेरिकेच्या चार्ल्स जॉन्सनशी पडली आणि तो हरला. जॉन्सन पुढे त्या गटात कांस्यपदकाचा धनी झाला, म्हणजे समोरचा गडी लेचापेचा नव्हता.

शिंदे फेदरवेटमध्ये, ६० किलोच्या गटात उतरला. इंग्लंडच्या हेन्री इनमनला त्याने हरविले. ज्यांचे राज्य आपल्यावर, त्यांच्याच मल्लाला जगाच्या मैदानात खाली बसविले! १९२० सालच्या हिंदुस्थानात या गोष्टीचा अर्थ काय होता, ते वेगळे सांगायला नको. उपान्त्य फेरीत त्याला अमेरिकेचा सॅम्युअल गर्सन भेटला. गर्सन हा विद्यापीठांच्या आखाड्यात तयार झालेला मल्ल. त्याने शिंदेला हरविले आणि पुढे रौप्यपदक घेतले. सुवर्णपदक मिळाले ते त्याचाच देशबंधू आणि कॉलेजपासूनचा प्रतिस्पर्धी चार्ल्स ॲकर्ली याला. शिंदेला आता तिसऱ्या जागेसाठी लढायचे होते. समोर पुन्हा इंग्रजच, बर्नार्ड नावाचा. ती कुस्ती शिंदे हरला.

रणधीर शिंदे चौथा. विजयमंचाला पायऱ्या तीन. हा उभा राहिला चौथ्या जागी, जमिनीवर. एक कुस्ती जिंकली असती, तर भारताचे पहिले वैयक्तिक कुस्तीपदक १९२० सालीच कोल्हापूरला आले असते. आणि आपण त्याला किती जपले? ऑलिंपिकच्या दफ्तरात त्याचे आडनाव कोणा कारकुनाच्या इंग्रजी कानाने ‘शिंदेस’ असे लिहून ठेवले आहे. परक्यांनी निदान चुकीचे का होईना, पण नाव टिपले. आपल्या घरच्या वह्यांत ते किती ठिकाणी सापडते?

शेजारच्या ओळीतला जपान

आता एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. मॅरेथॉनच्या निकालात चौगुल्याच्या आजूबाजूला कोण होते? तीन जागा वर, सोळावा, जपानचा शिझो कानाकुरी; वेळ बरोबर दोन मिनिटांनी कमी. लगेच खाली, विसावा, जपानचाच मोतेगी; चौगुल्याच्या मागे अर्ध्या मिनिटाच्या आत. आणखी दोन जपानी त्याच्याही मागे. याचा अर्थ १९२० साली लांब पल्ल्याच्या शर्यतीत जपान आणि हिंदुस्थान खांद्याला खांदा लावून धावत होते.

पुढे काय झाले? कानाकुरी काही अँटवर्पला पहिल्यांदा गेला नव्हता. १९१२ साली स्टॉकहोमला उन्हाच्या तडाख्याने तो शर्यतीतून गळाला होता. तो खजील होऊन घरी बसला नाही. एकट्या माणसाच्या पायांवर देशाचे धावणे उभे राहत नाही, हे त्याने ओळखले, आणि १९२० च्या फेब्रुवारीत, म्हणजे अँटवर्पला जाण्याआधीच, त्याच्या पुढाकाराने तोकियो ते हाकोने आणि परत अशी कॉलेजांची टप्प्याटप्प्याची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी चार संस्थांचे संघ होते. युद्धकाळातला खंड सोडला, तर ती शर्यत दर जानेवारीत आजतागायत चालू आहे आणि सबंध देश ती डोळ्यांत तेल घालून पाहतो. कानाकुरी पदकाविना म्हातारा झाला. पण त्याच्यामागून धावणाऱ्यांची रांग तयार झाली. १९३६ साली बर्लिनला मॅरेथॉनचे सुवर्ण आणि कांस्य जपानच्या निशाणाखाली गेले. ते जिंकणारे दोघे तरुण मुळात जपानी सत्तेखालच्या कोरियाचे होते, ही त्या यशाची दुखरी बाजू. पारतंत्र्यातल्या माणसाने दुसऱ्याच्या निशाणाखाली पळावे, हे दुःख आपल्याला नवे नाही.

चौगुल्याच्या मागे मात्र रांग उभी राहिली नाही. दोराबजींनी आपल्या परीने पुष्कळ केले. १९२४ साली पॅरिसला जाणाऱ्या पथकासाठी दिल्लीत अखिल भारतीय सामने झाले, १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढल्याच वर्षी ॲमस्टरडॅमला हॉकीचे सुवर्णपदक आले. अँटवर्पच्या वेळी हॉकी होती, पण आपला संघ नव्हता. सुवर्णपदक इंग्रजांनी नेले होते. आठ वर्षांनी आपण गेलो आणि जिंकलो! १९३२ साली दोराबजी परदेशातच वारले. वरच्या मजल्याची बांधणी चालू झाली होती. पण ज्या अनवाणी खेडुतांना पाहून हा सारा उद्योग सुचला, त्यांच्या गावापर्यंत पट्टी, घड्याळ आणि शिकविणारा माणूस काही पोचला नाही.

फेडलेले आणि राहिलेले

शिंदेचे अपुरे काम पुरे व्हायला ३२ वर्षे लागली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला फ्लायवेटमध्ये सहावे आले. तेथे त्यांनाही गादीने छळले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे, तर पैसे नाहीत. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले; गावकऱ्यांनी वर्गणी दिली. खाशाबा गेले आणि २३ जुलै १९५२ रोजी बँटमवेटमध्ये कांस्यपदक घेऊन उभे राहिले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ते हे. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले आणि त्या पैशातून गुरुजींचे घर सोडविले.

याच हेलसिंकीत दोन योगायोग घडले. कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात लढले आणि आले चौथे. रणधीर शिंदेचाच गट, रणधीर शिंदेचीच जागा! आणि उद्घाटनाच्या दिवशी मनोऱ्यावरची ऑलिंपिक ज्योत पेटविली ती कोणी? फडेप्पा चौगुले ज्या शर्यतीत एकोणिसावा आला, ती जिंकणाऱ्या हान्नेस कोलेहमाइनेनने. फिनलंडने आपला १९२० चा वीर ३२ वर्षांनंतरही शोधून मानाने वर चढविला. देश मोठे होतात ते अशा आठवणींनी.

खाशाबांनंतर महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला आणखी ७२ वर्षे जावी लागली. २०२४ साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. धावण्यात पदक नाही. पण २०१६ साली रिओला माणदेशची ललिता बाबर तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत दहावी आली आणि २०२४ साली पॅरिसला बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे त्याच शर्यतीत अकरावा. दोघेही दुष्काळी मुलखातले, शेतकऱ्यांच्या घरचे. शंभर वर्षांपूर्वी डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर दोराबजींना जे दिसले, ते खोटे नव्हते याची ही साक्ष. ती जमीन तेव्हाही कसदार होती आणि आजही आहे.

म्हणून अँटवर्पच्या त्या पूज्याकडे सहज पाहून पान उलटू नये. त्यात एक चौथा क्रमांक आहे, एक एकोणिसावा आहे. आणि अर्ध्या वाटेवर थांबलेला दातार, पहिल्याच फेरीत हरलेला नवले, निशाण धरून चाललेला बॅनर्जी आणि क्रमांकाविना परतलेला कायकाडी हेही आहेत. पराभवाची नोंद जो नीट ठेवतो, त्यालाच आपण कोठे कमी पडलो हे कळते. जपानने ती ठेवली. आपण पदकांची यादी ठेवली आणि माणसांची हरवली.

गावोगावच्या जत्रांत आजही शर्यती होतात, कुस्त्या होतात. नारळ, फेटा, चार रुपये हातावर ठेवून विजेत्याला आपण निरोप देतो. त्या दिवशी एखाद्या शिक्षकाने, एखाद्या तालमीच्या वस्तादाने वही काढून पोराचे नाव, गाव, वय आणि लागलेली वेळ लिहून ठेवली, आणि पुढल्या वर्षी त्याच वहीत त्याची नवी वेळ त्याखाली मांडली, तर खर्च फक्त शाईचा आहे. १९१९ साली पुण्यात एका माणसाने एवढेच केले होते. सहाजण अँटवर्पला गेले ते त्यामुळे.